६५ वॉटच्या लॅपटॉपला ४५ वॉटचा चार्जर लावला तर नेमकं काय होतं?

लॅपटॉपचा चार्जर कधी जातो? परीक्षेच्या आदल्या रात्री, प्रोजेक्ट सबमिशनच्या दिवशी, नाहीतर ऑफिसची मीटिंग सुरू व्हायला दहा मिनिटं असताना. मग शोधाशोध सुरू होते. घरातल्या जुन्या लॅपटॉपचा चार्जर सापडतो, रूममेट त्याचा देतो किंवा जवळच्या दुकानदाराकडून ‘सेम टू सेम चालतो’ म्हणत एक डुप्लिकेट हातात पडतो. पिन बसते, लाईटही लागते.

पण चार्जर पालथा करून बघितला तर आपल्या जुन्या चार्जरवर ६५ वॉट होतं आणि यावर ४५ वॉट लिहिलंय. आता हा लावावा की नको? लॅपटॉप जळेल का? बॅटरी खराब होईल का?

आधी थोडक्यात उत्तर. चार्जर चांगल्या कंपनीचा असेल आणि त्याचा व्होल्टेज लॅपटॉपशी जुळत असेल, तर कमी वॉटचा चार्जर लावल्यामुळे सहसा लॅपटॉप जळत नाही. तो हळू चार्ज होतो, स्लो चालतो किंवा चार्ज व्हायला सरळ नकार देतो. खरा ताण येतो तो चार्जरवर. आणि व्होल्टेज जुळत नसेल, तर मात्र वॉटचा विचार करायचीही गरज नाही, तो चार्जर लावायचाच नाही.

आता हे सगळं नीट समजून घेऊ.

चार्जरवरचं लेबल कसं वाचायचं?

चार्जरच्या ठोकळ्यावर बारीक अक्षरांत बरंच काही छापलेलं असतं. त्यातल्या दोन ओळी कामाच्या, इनपुट आणि आउटपुट.

इनपुटच्या ओळीत १०० ते २४० व्होल्ट असं काहीतरी असतं. ही भिंतीतल्या सॉकेटची गोष्ट आहे. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट येतात, त्यामुळे ही ओळ जवळपास प्रत्येक चार्जरवर सारखीच दिसते. अनेक जण नेमकी हीच ओळ बघतात आणि ‘दोन्ही चार्जर सेम आहेत’ असं ठरवून मोकळे होतात. तिथेच गडबड होते.

आपल्याला बघायची ती आउटपुटची ओळ. तिथे दोन आकडे असतात. पहिला व्होल्टचा, म्हणजे वीज किती दाबाने येते. दुसरा अँपिअरचा, म्हणजे ती जास्तीत जास्त किती प्रमाणात येऊ शकते. या दोघांचा गुणाकार म्हणजे वॉट.

उदाहरणार्थ, १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर लिहिलं असेल तर गुणाकार येतो ६५ वॉट. १९.५ व्होल्ट आणि २.३१ अँपिअर म्हणजे ४५ वॉट. १९.५ व्होल्ट आणि ४.६२ अँपिअर म्हणजे ९० वॉट. तिन्ही चार्जरचा व्होल्टेज एकच आहे, फरक आहे तो क्षमतेत.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. व्होल्ट चार्जर ठरवतो, पण अँपिअर लॅपटॉप ठरवतो. चार्जरवर ३.३४ अँपिअर लिहिलंय म्हणजे तो तेवढे लॅपटॉपमध्ये ढकलत बसत नाही. लॅपटॉप मागेल तेवढेच देतो. तो आकडा म्हणजे त्याची वरची मर्यादा.

सोसायटीच्या टाकीचं उदाहरण

समजा, तुमच्या सोसायटीच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. वर एका पाइपने पाणी चढतंय आणि खाली घराघरांत नळ चालू आहेत. येणारं पाणी जास्त आणि वापर कमी असेल तर टाकी भरत जाते. दोन्ही सारखं असेल तर पातळी तिथेच राहते. वापर जास्त असेल तर पाणी चढत असूनही टाकी रिकामी होत जाते.

लॅपटॉपची बॅटरी म्हणजे ही टाकी. चार्जर म्हणजे वर येणारा पाइप. प्रोसेसर, स्क्रीन, ग्राफिक्स कार्ड, पंखा हे सगळे नळ.

साध्या कामाचा लॅपटॉप ब्राउझिंग किंवा टायपिंगला साधारण १० ते १५ वॉट खातो. ४५ वॉटचा चार्जर लावला तर उरलेले ३० वॉट बॅटरीकडे जाऊ शकतात. बॅटरी ५० वॉट-अवरची असेल तर ती भरायला पावणेदोन-दोन तास किंवा त्याहून थोडा जास्त वेळ लागेल, कारण शेवटच्या टप्प्यात चार्जिंगचा वेग कमी होतोच. म्हणजे अशा लॅपटॉपला ४५ वॉट सहज पुरतात.

आता गेमिंग लॅपटॉप घ्या. तो पूर्ण ताकदीने चालताना १५० वॉट मागतोय आणि तुम्ही लावलाय ६५ वॉटचा चार्जर. दर क्षणाला ८५ वॉटची तूट आहे. ही तूट बॅटरीने भरायची ठरवली, तर ८० वॉट-अवरची भरलेली बॅटरीसुद्धा तासाभराच्या आत संपेल. चार्जर लावलेला असूनही लॅपटॉप बंद पडतो, तो असा.

मग लॅपटॉप करतो काय?

आजकालच्या लॅपटॉपमध्ये चार्जिंग सांभाळणारी वेगळी चिप असते. चार्जर किती देऊ शकतो याचा अंदाज घेऊन ती हिशोब लावते. कमी क्षमतेचा चार्जर दिसला तर साधारण पुढच्यापैकी एखादी गोष्ट होते.

पहिली, चार्जिंग हळू होतं. लॅपटॉप चालवण्याला आधी वीज मिळते, उरलेली बॅटरीला.

दुसरी, चालू असताना चार्जिंग बंद राहतं. स्क्रीनवर ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’ असं दिसतं. लॅपटॉप बंद केला किंवा स्लीपमध्ये टाकला की काही मॉडेल चार्ज व्हायला लागतात.

तिसरी, लॅपटॉप मुद्दाम स्वतःचा वेग कमी करतो. प्रोसेसर कमी वेगावर चालला की वीज कमी लागते. मग अचानक व्हिडीओ अडकायला लागतो, साधी फाइल उघडायला वेळ लागतो. अनेक जण अशा वेळी ‘व्हायरस आला’ म्हणून फॉरमॅट मारतात. कारण मात्र पायाशी पडलेल्या चार्जरमध्ये असतं.

चौथी, लॅपटॉप तो चार्जर स्वीकारतच नाही.

गोल पिनवाले चार्जर आणि मधली बारीक सुई

डेल आणि एचपीच्या अनेक चार्जरची पिन नीट बघितली तर आत मधोमध एक बारीक सुई दिसते. वीज पुरवणं हे तिचं काम नाही, ती ओळखपत्र आहे. या सुईमधून लॅपटॉपला कळतं की समोरचा चार्जर किती वॉटचा आहे. लेनोवोच्या चौकोनी चपट्या पिनमध्येही अशीच ओळख पटवण्याची सोय असते.

चार्जर कमी वॉटचा निघाला तर या कंपन्यांचे लॅपटॉप सुरू होताना तसा मेसेज देतात. ‘लावलेला अडॅप्टर शिफारस केलेल्यापेक्षा कमी क्षमतेचा आहे’ अशा अर्थाचा. तो वाचल्याशिवाय एंटर दाबू नका.

खरी पंचाईत होते ती ओळखच पटली नाही तर. डेलच्या बऱ्याच मॉडेलमध्ये चार्जर ओळखता आला नाही की लॅपटॉप चालतो, पण बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसरचा वेग पार खाली येतो, काही वेळा एक गिगाहर्ट्झच्याही खाली. स्वस्त डुप्लिकेट चार्जरमध्ये ही ओळख देणारी चिप नसते किंवा नीट चालत नाही. कधी कधी तर चार्जर ओरिजिनल असतो, पण ती सुई वाकलेली किंवा तुटलेली असते. म्हणून नवीन चार्जर घ्यायच्या आधी पिन एकदा उजेडात धरून बघा. लॅपटॉपच्या बाजूचं सॉकेट ढिलं झालं असेल तरी हीच लक्षणं दिसतात.

टाइप-सीचं गणित वेगळं

टाइप-सीने चार्ज होणाऱ्या लॅपटॉपमध्ये हे प्रकरण बरंच सुरक्षित आहे. इथे ‘यूएसबी पॉवर डिलिव्हरी’ नावाची पद्धत वापरली जाते. केबल जोडली की सुरुवातीला फक्त ५ व्होल्ट असतात. मग चार्जर सांगतो, ‘माझ्याकडे ५, ९, १५, २० व्होल्ट आहेत, प्रत्येकावर इतके अँपिअर देईन.’ लॅपटॉप त्यातलं आपल्याला हवं ते निवडतो. ही बोलणी झाल्यावरच व्होल्टेज वाढतो. त्यामुळे चुकीचा व्होल्टेज लॅपटॉपमध्ये घुसण्याची भीती चांगल्या चार्जरमध्ये जवळपास नसते.

या पद्धतीत आधी जास्तीत जास्त १०० वॉटपर्यंत वीज देता यायची. २०२१ मध्ये आलेल्या नव्या आवृत्तीत ही मर्यादा २४० वॉटपर्यंत गेली.

कमी वॉटचा टाइप-सी चार्जर लावला तर विंडोजमध्ये ‘स्लो चार्जर’ अशी सूचना येऊ शकते. मॅकबुकमध्ये कमी वॉटचा चार्जर चालतो, फक्त वेळ जास्त लागतो. तुमच्या मॅकबुकला प्रत्यक्षात किती वॉटचा चार्जर दिसतोय हे बघायचं असेल तर ‘सिस्टिम रिपोर्ट’ उघडून ‘पॉवर’ या भागात जा, तिथे चार्जरचं वॉटेज लिहिलेलं असतं.

पण टाइप-सीमध्ये तीन ठिकाणी लोक हमखास फसतात.

पहिलं, मोबाईलचा चार्जर. फोनच्या चार्जरवर ६५ वॉट लिहिलंय म्हणून तो लॅपटॉपलाही ६५ वॉट देईल असं नाही. अनेक मोबाईल कंपन्यांची फास्ट चार्जिंगची स्वतःची पद्धत असते. तो मोठा आकडा त्यांच्याच फोनसाठी असतो. लॅपटॉपला त्यातून बरेच कमी वॉट मिळतात किंवा काहीच मिळत नाही. काही लॅपटॉप तर २० व्होल्ट मिळाले नाहीत तर चार्जर लावला आहे हेसुद्धा दाखवत नाहीत.

दुसरं, केबल. साध्या टाइप-सी केबलमधून ३ अँपिअरपर्यंतच वीज जाते. २० व्होल्टला ३ अँपिअर म्हणजे ६० वॉट. त्यापुढे ५ अँपिअर हवे असतील तर केबलच्या आत ओळख सांगणारी छोटी चिप लागते. म्हणजे १०० वॉटचा चार्जर घेतला आणि फोनची केबल लावली, तर तुमचा चार्जर ६० वॉटचाच झाला. नवीन चांगल्या केबलवर ६० वॉट किंवा २४० वॉट असं लिहिलेलं असतं, ते बघा.

तिसरं, दोन-तीन पोर्टचे चार्जर. खोक्यावर मोठ्या अक्षरात ६५ वॉट असतं, पण तो आकडा एकच पोर्ट वापरल्यावरचा असतो. शेजारी फोन लावला की विभागणी होते, लॅपटॉपला ४५ आणि फोनला २० अशी काहीतरी. ही विभागणी खोक्याच्या मागे किंवा चार्जरवर बारीक अक्षरात छापलेली असते.

कमी वॉटच्या चार्जरने बॅटरी खराब होते का?

हळू चार्जिंगमुळे बॅटरीचं नुकसान होत नाही. उलट कमी वेगाने चार्ज करणं लिथियम-आयन बॅटरीला थोडं सोयीचंच असतं, कारण ती कमी तापते.

अडचण येते ती तूट रोज होत असेल तर. दिवसभर जड काम आणि चार्जर अपुरा असला की बॅटरी सतत थोडी रिकामी होते, थोडी भरते. एरवी चार्जरवर चालणारा लॅपटॉप बॅटरीवर जगायला लागतो. बॅटरीच्या चार्जिंगच्या फेऱ्या मोजक्या असतात, त्या वाया जातात. दोन दिवसांच्या अडचणीत काही बिघडत नाही. वर्षभर असंच चाललं तर बॅटरी लवकर म्हातारी होईल.

खरा धोका कुठे आहे?

चांगल्या चार्जरमध्ये जास्त भार आला की स्वतःला बंद करण्याची सोय असते. अशा वेळी चार्जरची लाईट लागते, जाते, पुन्हा लागते. लॅपटॉपवर चार्जिंगचं चिन्ह येत-जात राहतं. हा चार्जर सांगतोय की माझ्याच्याने हे होत नाही. त्याचं ऐका.

निकृष्ट चार्जरमध्ये ही सोय नसते किंवा नावापुरती असते. लॅपटॉपने मागितलेलं देण्याच्या नादात तो मर्यादेबाहेर जातो आणि तापत राहतो. आतले भाग कमकुवत होतात, प्लॅस्टिक मऊ पडतं, जळका वास येतो. असा चार्जर गादीवर, उशीखाली किंवा पांघरुणात असेल तर आगीचा धोका असतो. हॉस्टेलच्या खोलीत रात्रभर चार्जर बेडवर ठेवून झोपणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचा.

चार्जर कोमट होणं नॉर्मल आहे. हात ठेवून धरता येत नसेल इतका गरम होत असेल, आवाज करत असेल किंवा वास येत असेल तर आधी भिंतीवरचं बटण बंद करा, मग पिन काढा आणि तो पुन्हा वापरू नका.

दुसरा धोका व्होल्टेजचा. गोल पिनचा आकार जुळला म्हणजे व्होल्टेज जुळला असं अजिबात नाही. राउटर, सीसीटीव्ही, मॉनिटर यांच्या अडॅप्टरची पिनही कधी कधी लॅपटॉपमध्ये जाते. १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर १९ व्होल्टचा लॅपटॉप चालणार नाही, आणि गरजेपेक्षा बराच जास्त व्होल्टेज गेला तर मदरबोर्ड जाऊ शकतो. १९ आणि १९.५ इतका किरकोळ फरक सहसा चालून जातो. त्याहून जास्त फरक असेल तर प्रयोग नको. लेबलवर प्लस-मायनसचं छोटं चित्र असतं, तेही दोन्ही चार्जरवर सारखं आहे का ते बघा.

जास्त वॉटचा चार्जर लावला तर?

चालतो. ४५ वॉटच्या लॅपटॉपला ६५ किंवा ९० वॉटचा चार्जर लावला तरी लॅपटॉप त्याला हवे तेवढेच घेणार. व्होल्टेज तोच हवा आणि पिन नीट बसायला हवी, एवढंच. उलट चार्जर आरामात चालतो आणि कमी तापतो. ‘जास्त अँपिअरने लॅपटॉप उडतो’ हा गैरसमज आहे. म्हणून ओरिजिनल वॉटेजचा मिळत नसेल आणि कमी की जास्त अशी निवड असेल, तर जास्तीचा घ्या.

दुकानात गेल्यावर काय बघायचं?

मुंबईत लॅमिंग्टन रोड असो, पुण्यात तपकीर गल्ली असो किंवा तालुक्याच्या ठिकाणचं कॉम्प्युटरचं दुकान असो, चार्जर घेताना जुना चार्जर आणि लॅपटॉप दोन्ही सोबत न्या. मग एवढं तपासा.

१. लॅपटॉपच्या खालच्या बाजूला लागणारा व्होल्टेज आणि अँपिअर छापलेले असतात. चार्जर दुसऱ्याचा किंवा डुप्लिकेट असू शकतो, म्हणून विश्वास लॅपटॉपवरच्या लेबलवर ठेवा.

२. व्होल्टेज तोच हवा. अँपिअर तेवढेच किंवा जास्त हवेत.

३. पिन घट्ट बसते का बघा. वरून बसवलेल्या कन्व्हर्टर पिनमुळे चार्जरची ओळख पटत नाही, असं बऱ्याचदा होतं.

४. चार्जरवर बीआयएसचं चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का बघा. अशा अडॅप्टरसाठी ही नोंदणी भारतात सक्तीची आहे. ‘बीआयएस केअर’ या सरकारी ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की तो कोणत्या कंपनीच्या कोणत्या उत्पादनासाठी दिला आहे ते दिसतं. नाव भलतंच आलं तर चार्जर परत करा.

५. दुकानातच लॅपटॉप सुरू करून बघा. काही मेसेज येतो का, बॅटरीचे टक्के वाढतात का, दहा मिनिटांत चार्जर किती तापतो, हे बघा.

६. पक्कं बिल आणि वॉरंटी घ्या. ओरिजिनलच्या निम्म्याहून कमी किमतीत ‘ओरिजिनल’ मिळत असेल तर तो ओरिजिनल नाही.

आज रात्रीपुरता कमी वॉटचाच चार्जर असेल तर?

व्होल्टेज जुळतोय, चार्जर चांगल्या कंपनीचा आहे, फक्त वॉट कमी आहेत. अशा वेळी काम भागवता येतं.

शक्य असेल तर लॅपटॉप बंद करून चार्ज करा, म्हणजे सगळी वीज बॅटरीला जाईल. चालू ठेवायचाच असेल तर ब्राइटनेस कमी करा, बॅटरी सेव्हर लावा, जादाचे टॅब बंद करा. लॅपटॉपला लावलेला फोन, हार्ड डिस्क काढून ठेवा, तेही त्याच विजेवर जगतात. गेम, व्हिडीओ एडिटिंग टाळा. ऑनलाइन परीक्षा किंवा इंटरव्ह्यू असेल तर आधी बॅटरी पूर्ण भरून घ्या आणि तासभर आधी चालवून टक्के वाढतात की घटतात ते बघा. घटत असतील तर किती वेळ पुरेल हे आधीच कळेल. चार्जर टेबलावर किंवा फरशीवर, मोकळ्या हवेत ठेवा. लॅपटॉपमध्ये फर्मवेअर किंवा बायोस अपडेट करायचं असेल तर योग्य चार्जर येईपर्यंत थांबा, कारण अपडेट चालू असताना मध्येच लॅपटॉप बंद पडला तर ते महागात पडतं.

पुढे हा गोंधळ कमी होणार का?

थोडा तरी होईल. युरोपियन युनियनने फोननंतर लॅपटॉपसाठीही टाइप-सी चार्जिंगची सक्ती केली आणि त्यासाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. कंपन्या तीच मॉडेल जगभर विकत असल्याने आपल्याकडच्या नव्या लॅपटॉपमध्येही टाइप-सी पोर्ट सर्रास दिसू लागलाय. पिनचा प्रश्न त्यामुळे सुटेल, पण वॉटचा प्रश्न राहणारच. उलट सगळ्यांची पिन एकच झाल्यावर कुठलाही चार्जर कुठेही बसेल, आणि लेबल वाचण्याची गरज वाढेल.

त्यामुळे एक सोपं काम आत्ताच करून ठेवा. चार्जर पालथा करा, आउटपुटच्या ओळीचा फोटो काढा आणि फोनमध्ये जपून ठेवा. ऐनवेळी दुकानात उभं असताना तो फोटो दुकानदाराच्या ‘सेम टू सेम’पेक्षा जास्त कामाला येईल.